पोलिसांनी काढून टाकलेलं पिस्तूल

मी सातवी पास. पोलिसात होतो, पण एकही चोर पकडला नाही. माझी सगळी नोकरी कोतात गेली. कोत म्हणजे पोलिसांची हत्यारं ठेवायची खोली. तिथे बंदुका पुसायच्या, तेल द्यायचं, अडलेली खोलून बघायची आणि भंगारातली असेल तर तसं तोंडावर सांगायचं. समोर साहेब असो की शिपाई, खराब म्हणजे खराब. ती सवय घरातही लागली. भाजी खारट झाली तर मी खारट म्हणायचो. त्याचा त्रास हिला झाला. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन अकरा महिने झाले.

आता मी सिंगापूरला मुलीकडे राहतो, बेडोकला. मुलगा अमेरिकेत, टेक्सासला. आई गेली तेव्हा तो वेळेवर पोचला नाही. मी त्याला एका शब्दाने बोललो नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं असावं. तेव्हापासून त्याचा फोन यायचा. जेवलात का, जेवलो. औषध घेतलं का, घेतलं. मग फोन बंद.

एका रविवारी सकाळी मी आमच्या इमारतीखाली दगडी टेबलाशी कॉफी पीत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर एक चिनी म्हातारा पेपर वाचत होता. व्हिडिओ कॉल आला. बघतो तर मुलगा एका दुकानात उभा, मागे भिंतभर बंदुका टांगलेल्या. त्याच्याकडे अजून शनिवारची संध्याकाळ होती. त्याच्या गल्लीत कुणाचं तरी घर फोडलं म्हणे. हा कामासाठी बाहेरगावी जातो, तेव्हा घरात सून आणि दोन वर्षांचा नातू दोघेच. म्हणून पिस्तूल घ्यायचं त्याच्या मनात होतं. तिकडे पोलिसांनी नवी हत्यारं घेतली की जुनी दुकानदाराला देऊन टाकतात, ती स्वस्तात मिळतात. त्यातलं एक त्याने काढून ठेवलं होतं.

"बाबा, मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "तुम्ही बघा. तुम्ही हो म्हणालात तर घेतो."

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. या पोराने मला किती दिवसांनी काहीतरी विचारलं होतं.

मी आधी त्याला मॅगझिन काढायला लावलं. मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून नळीच्या मागच्या टोकात बोट घालून बघायला सांगितलं, गोळी नाही ना. एकदा झाल्यावर परत एकदा. तो म्हणाला, दुकानदाराने बघितलंय. मी म्हटलं, दुकानदार माझ्याकडे नोकरीला नव्हता, तू बघ.

पिस्तूल वरून अगदी वाईट दिसत होतं. तोंडाशी काळा रंग उडून पांढरं लोखंड उघडं पडलेलं, मूठ एका बाजूने गुळगुळीत. मुलगा म्हणाला, फार वापरलेलं वाटतं. मी म्हटलं, अरे, पोलिसाचं हत्यार कमरेला घासून झिजतं. वर्षातून एकदोनदा चांदमारी, म्हणजे नेमबाजीचा सराव, तेवढ्याच गोळ्या. बाहेरून म्हातारं, आतून कोरं. दुकानदाराला ते खोलायला सांग.

दुकानदार भला माणूस. त्याने नळी काढून दिली. मुलाला म्हटलं, एका टोकाशी अंगठ्याचं नख तिरकं धर, नखावर उजेड पडू दे आणि दुसऱ्या टोकातून बघ. मग त्याने फोनचा कॅमेरा तिथे लावला. आतले आटे स्वच्छ, कुठे गंजाचा खड्डा नाही. रिकामं काडतूस बाहेर ओढणारी नखी शाबूत. स्प्रिंग मात्र थकली होती, ती बदलायला लागली असती. अंधारात चमकणारे नेमाचे ठिपके विझले होते. बाकी हत्यार खणखणीत. चिनी म्हाताऱ्याने माझ्या फोनकडे एकदा पाहिलं, पेपराची घडी केली आणि लांबच्या टेबलावर जाऊन बसला. मुलगी मला सारखी बजावते, इथे बंदूक हा शब्दसुद्धा मोठ्याने काढू नका. त्याला बिचाऱ्याला काय वाटलं असेल.

मुलगा म्हणाला, "मग घेऊ ना?"

नळीत खड्डे आहेत, असं मला म्हणता आलं असतं. त्याला काय कळणार होतं. पण हत्याराबद्दल खोटं माझ्या तोंडून निघत नाही. म्हटलं, "हत्यार चांगलं आहे. घेऊ नको."

"का पण? कुलपात ठेवीन, बाबा. लोखंडी पेटी घेतो."

"कोताला तीन कुलपं होती. तरी गोळी माझ्या घरी आली."

मग त्याला ते सांगितलं. तेव्हा तो दीड वर्षाचा होता. चांदमारीच्या दिवशी एक गोळी उडाली नाही. ती बाकीच्यांत मिसळू नये म्हणून मी सदऱ्याच्या खिशात टाकली. पोलिस लाइन मैदानाला लागून, दुपारी जेवायला घरी आलो, घामाने भिजलेला सदरा खुंटीला अडकवला, दुसरा घालून परत गेलो. संध्याकाळी मोजदाद केली तर एक कमी. उडालेल्याचं रिकामं टरफल आणि न उडालेली गोळी, सगळं मोजून परत द्यावं लागतं. एक हरवली तर नोकरी जाते. वीस माणसं गुडघ्यावर बसून गवत चाचपायला लागली, त्यांत मीपण. खिशाची आठवणच नाही.

तेवढ्यात ही आली. पोरगा कडेवर. चिंचेच्या झाडामागे मला बोलावलं आणि पदराची गाठ सोडली. गोळी ओली होती. सदरा खाली पडला होता आणि खिशातली गोळी पोराच्या तोंडात होती. हिने बोट घालून ती काढली.

मी गवतात जाऊन ती गोळी 'शोधली'. हवालदाराने माझी पाठ थोपटली. हिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, तिच्या आईला नाही, पोरांना नाही. मीही आजपर्यंत तोंड उघडलं नव्हतं.

 मुलगा दुकानदाराशी इंग्रजीत काहीतरी बोलला. दुकानदाराने मान हलवली, नळी परत बसवली आणि पिस्तूल काचेखाली ठेवलं. मुलगा बाहेर येऊन गाडीत बसला, फोन हातातच.

"आई काय म्हणाली हो तेव्हा? झाडामागे?"

"म्हणाली, लवकर या, मटकी भिजवलीय."

तो हसला. हसता हसता रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. मलाही कुठे जायचं होतं?

डोळे पुसून त्याने विचारलं, मग मी घरी नसताना या दोघांचं काय? प्रश्न बरोबर होता, नुसतं नको म्हणून भागणार नव्हतं. म्हटलं, दाराला जाड कडी बसव, बाहेर दिवा लाव. आणि सुनेला सांग, झोपताना मला व्हिडिओ कॉल लावून फोन उशाशी ठेव. तुमच्याकडे रात्र असते तेव्हा माझ्याकडे दिवस असतो. मी बघत बसेन. काही खट्ट झालं तर ओरडून तिला उठवेन आणि तुझ्या शेजाऱ्याला फोन लावेन, त्याचा नंबर देऊन ठेव. मला वाटलं, सून हसेल. ती हसली, पण फोन लावते.

आता तो बाहेरगावी गेला की माझी ड्युटी असते. सकाळी कॉफी घेऊन बसतो, फोन साखरेच्या डब्याला टेकवून. पडद्यावर नुसता अंधार. कधी नातू कुशीवर वळतो, तेवढी चादर हलते. मुलगी म्हणते, बाबा, त्यात बघण्यासारखं आहे काय? मी म्हणतो, तू भाजी चीर. कालच्या खेपेला नातू मध्येच जागा झाला आणि फोनजवळ तोंड आणून मला न्याहाळत बसला. झोप, म्हटलं, मी आहे. झोपला.