डबा भरलेलाच परत आला

माझा डबा गॅरेजमध्ये होता. खाली, चपला-बुटांच्या रॅकजवळ. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

ही गोष्ट बॉथेलची, अमेरिकेतली. मुलानं मला इथं कायमची आणली त्याला थोडेच महिने झाले होते. दिवाळीचं जेवण सानिकाच्या घरी होतं. सानिका म्हणजे माझ्या नातीची, यशोधराची मैत्रीण. दोघी तेव्हा लहान शाळेत. प्रत्येकानं एकेक पदार्थ करून न्यायचा अशी इथली पद्धत. पॉटलक म्हणतात. मी भरली वांगी केली. शेंगदाणे, तीळ, खोबरं भाजलं. धुराचा भोंगा वाजू नये म्हणून सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, थंडीत कुडकुडत भाजलं.

सानिकाच्या आईनं दारातच डबा हातात घेतला.

"काय मस्त वास येतोय मावशी. गाव कुठलं तुमचं?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"हो का? माझं आजोळ तिथून जवळच. गावात कुठं घर?"

"गावात नाही. गावाबाहेर, ओढ्याच्या अंगाला."

तिचं हसू होतं तसंच राहिलं. डबा धरलेला हात मात्र अंगापासून जरा लांब गेला. "बसा ना मावशी," म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, टेबलावर ठेवायला गेली.

टेबलावर सगळ्यांचे डबे होते. माझा नव्हता. मी दोनदा फिरून बघितलं. विचारलं नाही. निघताना चपला घालायला गॅरेजमध्ये आले, तेव्हा दिसला.

"राहूनच गेला बघा गडबडीत," ती म्हणाली. "घरी खा तुम्ही. आमच्यात कांदा-लसूण न खाणारे पण असतात ना."

टेबलावर पावभाजी होती. मीही खाल्ली होती. वरून कच्चा कांदा घेऊन.

आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. तिनंही रिकामा दिला नाही. माझाच मला भरलेला दिला.

पुढच्या जेवणाच्या वेळी मुलाच्या फोनवर मेसेज आला. तुम्ही पेपर प्लेट्स आणि नॅपकिन्स आणा. संक्रांतीला तेच. पाडव्याला तेच. गणपतीला तेच. आम्ही प्लेट्सवाले झालो. मुलगा मोठ्या दुकानातून गठ्ठेच आणून ठेवायला लागला.

"बरंच आहे की आई. तुला गॅसपुढं उभं राहायला नको."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं बघितलं नाही. सानिकाचे वडील त्याच्या ऑफिसात त्याच्या वरच्या जागेवर होते. मला कळलं. मी गप्प बसले.

पुण्या-नागपूरहून आलेल्या इतरांच्या आयांना सानिकाची आई काकू म्हणायची. मला मावशी. तिकडं भारतात त्यांच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईलाही मावशीच म्हणतात. मी तेही ऐकून घेतलं.

मी चौथी शिकले. शाळेत आम्हाला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. पण ते तोंडावर बोलायचे. लांब हो, म्हणायचे. माझ्या आईनं एकदा त्यांना शिवी हासडली होती. शिवी घालायला समोर माणूस होता. इथं समोर कोण आहे? इथं सगळे हसतात. मिठी मारतात. शिवी कुणाला घालायची?

आमच्या बैठकीच्या खोलीत दोन फोटो होते. एक बुद्धाचा, एक निळ्या कोटातला. पाहुणे यायचे असले की मुलगा निळ्या कोटातला काढून कपाटात ठेवायचा. बुद्ध राहायचा. इथं बुद्ध सगळ्यांकडेच असतो, शोभेला. हळूहळू तो फोटो कपाटातच राहिला.

यशोधराला यातलं काही माहीत नव्हतं. "आई, तिला सांगू नकोस," मुलगा म्हणायचा. "ती इथं जन्मली. ते आपल्याबरोबर संपू दे." मलाही वाटायचं, संपत असेल तर संपू दे.

कॉलेजातून वर्षभरासाठी जपानला जायचं ठरलं तेव्हा यशोधरा आणि सानिका एकत्र जाणार होत्या. तिथं दोघींनी मिळून घर घ्यायचं ठरलं होतं. पडद्यांचे रंगसुद्धा ठरले होते. मग सानिकाच्या आईचा फोन आला. सानिकाला जरा स्पेस हवी आहे म्हणे. तिथं गेल्यावर सानिकानं पुण्याच्या दोन मुलींबरोबर घर घेतलं. तिघींत स्पेस मावली.

"आई, तू सगळीकडे तेच बघतेस," मुलगा म्हणाला.

असेल. सिद्ध करायला माझ्याकडे काय आहे? एक डबा.

यशोधराला एक खोली मिळाली. एकच शेगडी. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. इथं दुपार असते तेव्हा तिथं दुसऱ्या दिवसाची सकाळ. ती फोन भिंतीला टेकवून ठेवायची आणि आवरता आवरता माझ्याशी बोलायची. तिथं कचऱ्याचे वार असतात. जळणारा एका दिवशी, प्लास्टिक एका दिवशी, बाटल्या वेगळ्या. चुकीच्या दिवशी पिशवी ठेवली तर तिच्यावर चिठ्ठी चिकटवून तिथंच सोडून जातात. पहिल्या महिन्यात हिची पिशवी दोनदा राहिली. रेल्वेत कुणी फोनवर बोलत नाही. वर्गात सगळे तिच्याशी नीट वागतात, पण घरी कुणी बोलावत नाही. सुट्टीच्या दिवशी ती सायकल घेऊन नदीकाठी जाते आणि दुकानातला भाताचा गोळा खाते.

"सानिका भेटते का?"

"बिझी असते, आजी. दे कुक टुगेदर अँड ऑल. फोटो टाकतात." मग म्हणाली, "आय डोन्ट नो, मी काही केलं का?"

मी म्हटलं, "तू काही केलं नाहीस."

एक दिवस तिला तिथली छोटी वांगी मिळाली. मी फोनवर सांगत गेले, ती करत गेली. मसाला मी इथूनच बांधून दिला होता. भाजी जास्त झाली. खालच्या मजल्यावर एक म्हातारी एकटी राहते. तिला डबाभर नेऊन दिली. दोन दिवसांनी म्हातारीनं डबा परत दिला. घासूनपुसून, रुमालात बांधून. आत दोन केशरी फळं, टोमॅटोसारखी, गोड.

"आजी, फळं का घातली असतील?"

"डबा रिकामा परत देत नाहीत."

"पण ते तर आपल्याकडे ना?"

"बाईला वळण आहे," मी म्हटलं. त्या दिवशी मला बरं वाटलं.

मग दिवाळी आली. फोनवर ती फार खूश होती.

"आजी, मला बोलावलंय! सानिकाच्या अपार्टमेंटवर. सगळे मराठी स्टुडंट्स येणार आहेत."

"काय करून नेतेस?"

"मी म्हटलं, भरली वांगी आणते. बट सानिका वॉज लाइक, नो नो, तू फक्त प्लेट्स आण." ती हसली. "आपली फॅमिली ट्रॅडिशन, आजी."

माझ्या हातात लसूण होता. मी तो खाली ठेवला.

एवढी वर्षं मी समजत होते, आपण गप्प बसलो की ते आपल्याजवळच थांबतं. ते थांबलं नव्हतं. समुद्र ओलांडून पोरीच्या खोलीत पोचलं होतं. आणि पोरगी हसत होती.

मी सांगितलं. ओढा सांगितला, ओंजळ सांगितली. गॅरेजमधला डबा, कपाटातला फोटो, सगळं. आवाज चढवला नाही.

मग ती म्हणाली, "बाबाला माहितीये?"

"आहे."

"एवढी वर्षं?"

"हो."

"अँड सानिका? तिला माहितीये?"

"ते मला माहीत नाही. आईनं सांगितलं असेल, नसेल. न सांगताही पोरं शिकतात."

"मग मी आता काय करू, आजी?"

मी इथं, ती तिथं. जवळ असती तर पाठीवरून हात फिरवला असता. त्यानंही काही झालं नसतं. तिच्या मागं दाराच्या कडीला प्लास्टिकची पिशवी लटकत होती.

"आज कचऱ्याचा वार आहे. आठच्या आत ठेवायला हवी," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

ती दिवाळीला गेली नाही. पुष्कळ दिवस तिचा फोनही आला नाही. मुलगा माझ्यावर चिडला. "ती तिथं एकटी आहे. होतं तेवढं माणूसही तू तोडलंस. आता ती कुणाकडे बघणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही.

दिवाळीच्याच आठवड्यात इथलं जेवण सानिकाच्या घरी होतं. मेसेज आला होताच. मी सकाळी उठून वांगी केली. मुलानं गाडीत प्लेट्सचा गठ्ठा ठेवला. तो वरून टोपी आणायला गेला तेव्हा मी गठ्ठा काढला आणि परत गॅरेजमध्ये टाकला.

सानिकाच्या आईनं दारात हात पुढं केला. "द्या मावशी, मी ठेवते."

"मी ठेवते," मी म्हटलं.

टेबलाच्या मध्ये जागा केली. दोन डबे सरकवले. माझा ठेवला आणि झाकण काढलं.

"मावशी, प्लेट्स कुठं ठेवल्यात?"

"आणल्या नाहीत. तुझ्या घरातल्या काढ."

मुलगा माझ्याकडे बघत होता. सानिकाच्या वडिलांनी कपाट उघडलं आणि काचेच्या ताटल्या काढल्या. लोक रांगेनं येत गेले. पुलाव घेतला, छोले घेतले, श्रीखंड घेतलं. माझ्या डब्यातला चमचा कुणी हलवला नाही. मुलानंही घेतलं नाही. त्याचे साहेब त्याच्या शेजारीच उभे होते.

मी तिच्या काचेच्या ताटलीत दोन वांगी घेतली. टेबलाशेजारी खुर्ची ओढली. सगळ्यांच्या समोर बसून खाल्ली. ताटली तशीच तिच्या सिंकमध्ये ठेवली.

घरी आल्यावर निळ्या कोटातला फोटो कपाटातून काढून भिंतीवर लावला. खिळा होताच. मुलगा बघून आत निघून गेला. फोटो मात्र त्यानं काढला नाही.

गॅरेजमधले प्लेट्सचे गठ्ठे मी कचऱ्याच्या गाडीला दिले. आता पुढचं जेवण संक्रांतीला आहे. मी वांगीच करणार. कुणी खाल्ली नाहीत तरी करणार, टेबलाच्या मध्ये ठेवणार आणि झाकण मीच काढणार. डबा भरलेला परत येईल तर येऊ दे. तो गॅरेजमधून येणार नाही.