निरोप ज्याच्याकडे जातो

शेजारच्या टेबलावर सुनेत्रा रुग्णांना औषधाची आठवण पाठवणारा कोड तपासत होती. तो कोड काम करून गप्प बसतो, उलट काही सांगत नाही.

"मग कळतं कसं?" मी विचारलं.

"त्याला नाही विचारायचं. निरोप ज्याच्याकडे जातो, त्याला विचारायचं."

त्यासाठी चाचणीपुरता तिने खऱ्या निरोप्याच्या जागी एक नकली निरोप्या बसवला होता, कोडकडून आलेला निरोप पुढे न नेता फक्त लक्षात ठेवणारा. चाचणी पास झाली. तरी तिने कोडमधली निरोप पाठवणारी ओळच काढून पाहिली. चाचणी नापास झाली, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. मला तिचं फार कौतुक वाटलं.

माझे बाबाही त्या कोडसारखेच. रोज संध्याकाळी कुठे जाता विचारलं, की म्हणायचे, "कुठे नाही." ते वारल्यावर पलीकडच्या गल्लीतले, दृष्टी गेलेले मास्तर काठी टेकत आले. म्हणाले, "आठ दिवस झाले, पेपर घडी न मोडता पडून आहे."