दुपट्यासाठी लुगडं

नातीला आठवा महिना लागला आणि ती जालन्याहून बाळंतपणाला माहेरी आली, म्हणजे मंठ्याजवळ आमच्या गावी. येताना बाळाच्या कपड्यांची मोठी पिशवी आणली. सगळं मोबाईलवरून मागवलेलं. रंग चांगले होते, खोटं कशाला बोलू? पण हातात धरलं तर कापड ओल्या साबणासारखं निसटायचं.

मी एका दुपट्याचा धागा ओढून त्याला काडी लावली. सुती धागा जळला की राख होते, फुंकली की उडते. याची काळी, टणक गोळी झाली.

"आजी, नवे कपडे जाळून राह्यली का?"

"धागा जाळला. कपडा न्हाई."

"त्याच्यावर कॉटन लिहिलंय."

"लिहिणाऱ्याचं काय जातंय?"

मला भीती शेगडीची होती. बाळाला न्हाऊ घातलं की आमच्यात निखाऱ्यांवर ओवा टाकून धुरी देतात. डॉक्टरीण नको म्हणते. सून, म्हणजे नातीची आई, म्हणाली, "माझ्या तिन्ही लेकरांना दिली, हिच्याही लेकराला देणार." मीही आयुष्यभर देत आले, मग तिला कोणत्या तोंडानं अडवू? पण निखारा तडकतो. सुती कापडावर ठिणगी पडली तर भोक पडतं. शेजारणीच्या नायलॉनच्या साडीवर पडली तेव्हा कापड वितळून दंडाला चिकटलं होतं. ते सोडवताना तिला मीच धरून बसले होते.

म्हणून बाळाला पहिले कपडे घरातल्या जुन्या लुगड्याचे. मी ट्रंक उघडली. सुनेच्या साड्यांचे धागे जाळले, चादरींचे जाळले. गोळ्याच गोळ्या. मग आठवलं. दिवाळीच्या आधी दारावर भांडेवाली आल्ती. माझी विरलेली पाच लुगडी देऊन मी झाकणाचा स्टीलचा डबा घेतला होता. सुनेनं चकचकीत साड्यांचा ढीग पुढे केला, तर भांडेवाली म्हणाली, "त्या न्हाई चालत, बाई. एमआयडीसीत मशीन पुसायला सुतीच लागतं. ह्यांच्यानं तेल बिलकुल पुसलं जात न्हाई."

तेव्हा मी हसले होते. आता डब्याकडे बघवेना.

मंठ्याच्या बाजारात गेले. दुकानदारानं "प्युअर कॉटन" म्हणून ठाण उलगडलं. मी कडेचा धागा ओढून काडी काढली.

"ओ मावशी! दुकान पेटवता का?"

"तुमचं कॉटन पेटतंय का बघते."

गोळी झाली. त्यानं मुकाट्यानं आतून दुसरं ठाण आणलं. ते खरं सुती होतं, पण खळ दिलेलं, कागदासारखं कडक. दहा-बारा धुण्यांशिवाय बाळाच्या अंगाला लावता आलं नसतं. घेतलं, रोज धुवायला लागले. चौथ्याच दिवशी नातीच्या पोटात दुखायला लागलं. दिवस भरले नव्हते. सून तिला दवाखान्यात घेऊन गेली. मी घरी बसून ते कापड चोळत होते आणि ते काही मऊ होत नव्हतं.

माझ्याकडे दोनच लुगडी उरली होती. एक अंगावर, एक दोरीवर. दोरीवरचं काढलं आणि कात्री लावली. सहा दुपटी, लंगोट, दोन टोपडी निघाली.

मुलगी झाली. लहान होती, पण धडधाकट. बाराव्या दिवशी धुरी देताना निखारा तडकला आणि ठिणगी दुपट्यावर पडली. सून किंचाळली. मी दुपटं ओढून हातानं चुरगळलं. मुगाएवढं भोक, कडेला थोडी राख. पोरगी झोपलेलीच.

सुनेनं शेगडी अंगणात नेली, ती परत आणली नाही. संध्याकाळी नात मात्र मोबाईलवर परत फ्रॉक बघत होती. मोठी झाल्यावर घालायला, म्हणाली.

माझं एकुलतं एक लुगडं धुतलं की वाळेपर्यंत मी सुनेचा गाऊन घालते. घामानं अंग चिकटतं. लुगडं दोरीवर असलं की मी त्याच्यावरची नजर काढत नाही. भांडेवाली याच वाटेनं येते, आणि सुनेला कुकर हवा आहे.