बधिर हातांची लाखवात

नवस बोलताना माणूस हात जोडतो. त्या हातांनाच पुढं काही होईल, असं कोणाच्या मनात येतं? माझ्या डाव्या डोळ्यापुढं धुकं आलं, तेव्हा मी आमच्या दिग्रसच्या देवीला बोलले होते की नजर परत दे, माझ्या हातानं वळलेल्या लाख वाती तुझ्यापुढं लावीन. काही आठवड्यांत नजर परत आली. मी वाती वळायला बसले आणि बोटंच बधिर झाली. कापूस चिमटीत आहे की सुटला, हे डोळ्यांनी पाहावं लागे. पायही जड झाले. ही कसली थट्टा, असं मी देवीला तोंडावर विचारलं. मी मुळातली फटकळ, तिलाही सोडलं नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी सुया टोचून पाहिलं आणि आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. विजेच्या तारेवरचं रबर झिजावं तसं नसांवरचं आवरण झिजतं, डोळाही त्यानंच गेला होता, म्हणाले. कधी बरं वाटेल, कधी बळावेल, औषध नाही. सासूबाईंना हे पटलं नाही. "नवस राहून गेला ना व माय तुहा, म्हणून हे होऊन राह्यलं," त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. आजारापेक्षा ती भीती मोठी होती. हा वाताचा विकार समजून त्यांनी गरम विटांचा शेक सुरू केला, ऊन तेल चोळलं, उन्हात बसवलं. सगळं मायेनंच. पण शेकानंतर हातपाय आणखी लुळे पडत, आणि शेक पुरेसा लागला नाही असं समजून मीच वीट अजून तापवायला सांगे.

त्या काळी एक म्हातारा चिनी कापडवाला सायकलवर रेशमाचं गाठोडं बांधून वर्षातून एकदा गावात यायचा. आमच्या ओसरीवर त्यानं रेशीम पसरलं. मी हात फिरवला, तर रेशीम आणि गोणपाट मला सारखंच लागलं. रडूच कोसळलं. तेवढ्यात सासूबाई तापलेली वीट घेऊन आल्या, तसा तो दोन्ही हात हलवत उठला. "गरम नही, माँजी! गरम से कमजोर." मग गुडघे जरा सैल सोडून तो अंगणात उभा राहिला आणि छातीपुढं हात असे धरले, जणू मधे काही गोल आहे. "रुई समझो. दबाना नही. साँस धीरे, धीरे." उभं राहवत नसेल तर बसून करायचं. अंगातून वाहणाऱ्या शक्तीला त्याच्या भाषेत एक शब्द होता. आपण प्राण म्हणतो तेच असावं. त्याचे वडील लुळे पडल्यावर रोज पहाटे हेच करत. ते बरे झाले का, असं मी विचारलं, तर तो हसला. "पाँव ठीक नही हुआ. गुस्सा ठीक हुआ."

"हा काय जादूटोणा व?" सासूबाई कुरकुरल्या. पण माझे यजमान कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर, त्यांचा स्वभाव मोकळा. "करून पाह्य ना. उभं राह्यल्यानं कोणाचं काय जाते?" ते म्हणाले.

शेक बंद केला. पहाटेच्या गारव्यात निंबाखाली मी तसे हात धरू लागले. हिवाळ्यात बोटं सुटली, वाती भराभर वळू लागले, आणि आता नवस मीच फेडणार म्हणून मिरवूही लागले. उन्हाळा आला, हात पुन्हा गेले. पाटीभर कापूस तसाच पडून राहिला.

एका सकाळी निंबाखाली पाटावर बसून मी तसेच हात धरले होते. अचानक वाटलं, तळहातांमधे काहीतरी हलकं, उबदार आहे, आणि माझे हात बाहेरून कोणीतरी अलगद धरलेत. तुला नाही होत तर नको करू, एवढंच कळलं. कोणी बोललं नाही. मी मनसोक्त रडले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भीती नव्हती.

शेजारची रशीदाभाभी, आम्हाला कापूस पिंजून देणारी, तेव्हाच दारात आली. माझ्या तोंडून निघून गेलं, "भाभी, माह्यानं नाही होत. तुम्ही वळून देता काय?"

"एवढंच ना? मले वाटलं, काय होऊन गेलं!" म्हणत ती खाली बसली.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचं सोवळं अख्ख्या गल्लीला माहीत. त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "सरका व जराशा. माह्या हाताचं काय लोणचं घालाचं हाय?" दुपारपर्यंत गल्लीतल्या बायांनी ओसरी भरली.

काही दिवसांनी लाखाची मोजणी पुरी झाली आणि देवळात तुपात भिजवलेल्या वाती परातींतून पेटल्या. माझ्या कोणत्या, म्हणून मी वाकून पाहिलं. काही ओळखू येईना, आणि त्याचं मला हसूच आलं.

आजार पुढंही येत-जात राहिला. त्या पहाटेच्या श्वासानं काय केलं आणि देवीनं काय, याची वाटणी मी कधी केली नाही. पुढं सीमेवर चीनशी लढाई झाली आणि तो कापडवाला पुन्हा आला नाही. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं. दर वर्षी त्याच्या नावाची म्हणून एक वात देवीपुढं लावते. हात चालले तर मी वळते, नाहीतर भाभीला हाक मारते.