सिनेमातल्या फायरमनची उडी

रेल्वेवाल्यांच्या गावात रेल्वेचा सिनेमा लावायचा म्हणजे थेटरवाल्याच्या छातीला दाद द्यायला हवी. कल्याणात तो लागला, तेव्हा आमच्या क्वार्टर्समधल्या एकूण एक घरातली माणसं तो बघून आली आणि प्रत्येकाने त्यात चुका काढल्या. गोष्ट म्हणाल तर चिमूटभर. डाकू ड्रायव्हरला मारतात, भरलेली गाडी सुसाट सुटते, नायक घोड्यावरून तिच्या टपावर उडी घेतो आणि पूल यायच्या आत तिला थांबवतो.

शेजारचे गार्डकाका म्हणाले, इतकं होईस्तोवर त्या गाडीचा गार्ड काय पत्ते कुटत होता? त्याने आपल्या डब्यातला ब्रेक लावला असता तर सिनेमा दहा मिनिटांत आटोपला असता. शेडमधल्या एका फिटरने चाकं मोजून सिद्ध केलं की स्टेशनातून निघालेलं इंजिन वेगळं आणि पुलापाशी आलेलं वेगळं. त्याच्या बायकोचा राग नायिकेवर. एवढं किंचाळत बसण्यापेक्षा हात वर करून साखळी ओढायला काय झालं होतं म्हणे. आणि हे सगळे लोक तो सिनेमा दोनदा बघून आले होते, बरं का!

मी तेव्हा लग्न होऊन ठाण्याला, नौपाड्यात होते. त्या रविवारी आम्ही दोघं माहेरी आलो, ते ह्यांना सिनेमा बघायचा होता म्हणून. आमचे हे कारकून माणूस, रेल्वेशी संबंध पासापुरता. पण सिनेमा म्हटला की जेवणखाण विसरणार. दादा, म्हणजे माझे वडील, घाटातल्या मालगाडीचे ड्रायव्हर. वर्षभरापूर्वी रिटायर झाले होते आणि माझ्या धाकट्या भावाच्या क्वार्टरमध्ये राहत होते. चला म्हटलं तर नको म्हणाले. मग मी ओळीच्या टोकाला राहणाऱ्या वहिनीला ओढून नेलं. घरात नुसती बसून असते, जरा हसेल बिचारी, असं मला वाटलं. नको तिथे पुढे पुढे करायची माझी खोड जुनीच.

ही वहिनी म्हणजे दादांच्या असिस्टंटची बायको. सहा वर्षांपूर्वी घाट उतरताना दादांच्या गाडीचे ब्रेक लागले नाहीत. गाडी अखेर थांबली, दादांच्या कपाळावर फक्त खोक पडली. असिस्टंटने मात्र आधीच इंजिनातून उडी टाकली होती. तो खडकावर आपटून जागच्या जागी गेला. थांबला असता तर वाचला असता, असं जो तो म्हणाला. काही लोक त्याहून पुढचं म्हणाले. घाबरला, गाडी टाकून पळाला. वहिनीला दवाखान्यात आयाचं काम मिळालं, राहायला खोली मिळाली. पण तिचे सासरे, कोलशेतचे मिठागरात राबलेले म्हातारे, त्यांनी मुलाचं नाव टाकलं. तेराव्यानंतर त्या घरात त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही. वहिनी दर दिवाळीला जायची, पाया पडायची आणि तशीच परत यायची.

थेटरात दिवे गेले आणि पंधरा मिनिटांत तो प्रसंग आला. डाकू दिसल्याबरोबर सिनेमातला फायरमन, म्हणजे ड्रायव्हरचा असिस्टंटच, हातपाय जोडतो, रडतो आणि गाडीतून उडी टाकून झुडपांत पळतो. क्वार्टर्समधल्या शहाण्यांनी चाकं मोजली, साखळी आठवली. ह्या फायरमनबद्दल माझ्यापाशी कुणी चकार शब्द काढला नव्हता. पुढच्या बाकांवरून शिट्ट्या, शिव्या, ‘पळपुट्या’ म्हणून आरोळ्या. मी वहिनीकडे बघायचं धाडस केलं नाही. उठू या का, एवढं कुजबुजले. ती म्हणाली, तिकिटं काढलीत ना, बघू. आणि शेवटपर्यंत ताठ बसून राहिली.

परत आलो तेव्हा व्हरांड्यात नेहमीची मंडळी जमली होती. चहा झाला. वहिनी निघाली होती, पण माझ्या भावजयीने तिच्या हातात कप दिला म्हणून ती दाराशी टेकली. जावई सिनेमा बघून आलेत म्हटल्यावर ह्यांचं मत विचारलं गेलं. झालं! आमचे हे सुरू. नायक, घोडा, पूल. मी डोळ्यांनी खुणावतेय, पायाला चिमटा काढतेय, पण रंगात आलेला माणूस कुठला थांबतो! ह्यांना त्या अपघाताचं एवढंच माहीत होतं की दादा वाचले.

हे म्हणाले, “बाकी सगळं सोडा, तो फायरमन! इंजिन टाकून पळणाऱ्या माणसाला मी तरी माफ केलं नसतं.”

वहिनीने कप खाली ठेवला. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात दादा खुर्चीतून उठले. आधी ह्यांच्याकडे आणि मग वहिनीकडे वळून बोलायला लागले.

त्यांचं बोलणं कळायला आमच्या घाटातली एक व्यवस्था माहीत हवी. उताराला मध्येच एक फाटा वर, चढाकडे जातो आणि वाळूत संपतो. रूळ बदलणारा सांधा कायम त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडीने अलीकडे येऊन थांबायचं, ड्रायव्हरने शिट्टी द्यायची, म्हणजे गाडी माझ्या ताब्यात आहे अशी खूण. मगच सांधेवाला सांधा बदलून खालची लाइन देतो. ब्रेक न लागलेली गाडी आपोआप फाट्यावर चढते आणि वाळूत रुतते. हे क्वार्टर्समधली पोरंसोरंही जाणत. दादांनी त्यापुढचं सांगितलं. मुरलेले ड्रायव्हर थांबायच्या आधीच, लांबूनच शिट्टी देत. सांधेवाला ओळखीचा, पाच मिनिटं वाचत. दादाही वर्षानुवर्षं तसंच करत. त्या दिवशी त्यांनी लांबून शिट्टी दिली आणि मग ब्रेक ओढला, तर गाडी ऐकेना. त्यांना वाटलं, शिट्टी ऐकून सांधा फिरवला असणार, आता आपण थेट दरीकडे चाललो. सांधेवाल्याने गाडीचा वेग बघून सांधा हलवला नव्हता, हे त्यांना वाळूत शिरल्यावर कळलं.

“तुझा नवरा ब्रेक सोडत नव्हता,” दादा वहिनीला म्हणाले. “मीच ओरडलो, उडी मार. तो नाही म्हणाला. मी परत ओरडलो, हुकूम आहे, मार. मग त्याने मारली.”

चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा दादा म्हणाले होते, मी ब्रेकशी झटत होतो, मला काही दिसलं नाही. खरं सांगावं तर आधी शिट्टीचं सांगावं लागलं असतं आणि नोकरी गेली असती. माझं लग्न महिन्यावर आलं होतं. हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला हिशेब कळत होता. माझा सगळा संसार त्या एका खोट्यावर उभा होता. वहिनीच्या समोर मी मंगळसूत्र घालून बसले होते आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

वहिनी रडली नाही. तिने विचारलं, “रिटायर व्हायची वाट बघत होता का, दादा?”

दादा म्हणाले, “हो.”

मला वाटलं आता ती चार शब्द सुनावेल, आणि सुनावायलाच हवे होते. पण ती म्हणाली, उद्या माझी सुट्टी आहे, कोलशेतला चला. हे मला सांगून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं ठाण्याला उतरून टांग्याने कोलशेतला गेलो. ह्यांना मी घरीच ठेवलं. रात्रभर बिचारे माफी मागत होते, तेही ऐकवेना. म्हातारा अंगणात जाळं विणत बसला होता. दादा खाटेवर बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं, शिट्टीपासून. म्हाताऱ्याचे हात चालूच होते. दादांचं सांगून झाल्यावर ते हात थांबले.

“म्हंजे माजा पोऱ्या पलाला नाय?”

“नाही. पळाला नाही. मी त्याला घालवला.”

म्हाताऱ्याने जाळं बाजूला ठेवलं. दादांना वाटलं असेल मारेल, मलाही वाटलं. तो उठला, दादांचं मनगट धरलं आणि त्यांना शेजारच्या घरी, भावाच्या दारात घेऊन गेला. तिथे म्हणाला, सांग. दादांनी पहिल्यापासून सांगितलं. मग पुढच्या घरी. सांग. मग त्याच्या पुढच्या. कुणी तांदूळ निवडत होतं, कुणी मिठागरावरून आलं होतं. सगळ्यांना थांबवून म्हातारा ऐकवत होता. लोक दादांकडे रागाने बघत, एकजण अंगावर धावून आला, त्याला म्हाताऱ्यानेच अडवलं. आधी ऐक म्हणाला. वहिनी डोक्यावरून पदर घेऊन दोन पावलं मागून चालत होती.

मी घरं मोजायचं सोडून दिलं. ऊन चढलं. दादांचा आवाज बसत चालला, पण एकदाही त्यांनी शिट्टीचं वाक्य गाळलं नाही, आणि तेवढ्यासाठी तरी मला ते पुन्हा माझे वडील वाटले. गावाच्या टोकाला एका घरापुढे पाच-सहा बायका जमल्या. म्हातारा म्हणाला, सांग. दादांनी तोंड उघडलं, पण घशातून नुसती खरखर आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. जमेना.

तेव्हा वहिनी पुढे आली. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्या गावात नवऱ्याबद्दल मोठ्याने बोलली.

“आमचे हे ब्रेक सोडीत नव्हते,” तिने सुरुवात केली.