इंदूला आणायला रत्नागिरीस

सोलापूरच्या एका शाळेत मी भूगोल शिकवतो. रत्नागिरी जिल्ह्याचा धडा आला की नकाशावर छडी ठेवून सांगत असे : पश्चिमेस समुद्र, पूर्वेस सह्याद्री, मध्ये चिंचोळी पट्टी, जमीन खडकाळ, म्हणून पुरुष पोटासाठी मुंबईस जातात आणि गावोगावी बायका जास्त. समुद्र मी स्वतः कधी पाहिला नव्हता. मुलांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही.

माझी थोरली बहीण अक्का, भाऊजी गेल्यापासून माझ्याकडेच असते. तिची एकुलती एक इंदू तीन वर्षांपूर्वी त्याच जिल्ह्यात दिली. जावई मुंबईत कारकून. तिथे बिऱ्हाडाला जागा नाही, म्हणून इंदू गावी सासूजवळ. पहिल्या दिवाळसणानंतर ती माहेरी आली नव्हती. पत्रे यायची, पण चारच ओळींची. अक्काला वाचता येत नाही, मी वाचून दाखवी. परवाचे पत्र ऐकून ती म्हणाली, "विनू, सुखात असलेली मुलगी इतकं थोडं लिहीत नाही. आपण जाऊ आणि तिला घेऊन येऊ." नाताळची सुटी लागताच निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून मिरजेची लहान गाडी धरावी. डबे अरुंद, चाल सावकाश, पण बाहेर नजर पोहोचेल तिथवर ज्वारी उभी. बरोबर कडक भाकरी आणि शेंगांची चटणी असली की कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. सांगोल्याला खांद्यावर घोंगडी टाकलेले एक म्हातारे धनगर समोर येऊन बसले.

"कुटं निगालासा?"

"रत्नागिरीला. समुद्राकाठी."

"मेंढरं हायती का तितं?"

"फारशी नसावीत."

"का बरं? पानी तर लई हाय म्हणत्यात की."

"पाणी खारट आहे. पिता येत नाही."

त्यांनी बाहेरच्या माळाकडे हात केला. मग म्हणाले, "मंग आमचंच बरं. थोडं हाय, पर ग्वाड हाय." अक्काने त्यांना अर्धी भाकरी दिली.

कोल्हापुरात धर्मशाळेत मुक्काम करून सकाळी रत्नागिरीची मोटार धरली. पुढच्या बाकावर जागा मिळवा आणि मळमळीवर आवळकाठी जवळ ठेवा, कारण आंबा घाटात मोटार इतकी वळते की मागचे प्रवासी एकमेकांच्या अंगावर पडत असतात. घाटमाथ्यावरून खाली पाहिले तर सगळीकडे हिरवे रान. अक्का म्हणाली, "एवढी झाडं लावली कुणी?" आमच्याकडे झाड म्हणजे कुणीतरी पाणी घालून जगवलेले, त्यामुळे तिचा प्रश्न मला रास्तच वाटला.

रत्नागिरीची माती तांबडी, भिंतीही त्याच रंगाच्या जांभ्या दगडाच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काला टेकडीवरचा राजवाडा बाहेरून दाखवला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी राज्य घेऊन इथे आणून ठेवले होते, हे सांगितले.

"आणि राणीला?"

"तिलाही."

"म्हणजे माहेर तुटलंच की तिचं," अक्का म्हणाली, आणि टेकडी उतरू लागली.

इंदूचे गाव भाट्याच्या खाडीपलीकडे. खाडी तरीने ओलांडायची. काठावर उभा राहिलो आणि पाहतो तो नदी उलटी चाललेली. पाणी समुद्राकडून डोंगराकडे, चांगले जोरात. भरती-ओहोटी मी इतकी वर्षे फळ्यावर काढत आलो, पण नदी अशी मागे फिरते हे डोक्यात कधी आलेच नव्हते. तरीत बसलो. वल्ही मारणारा तांडेल म्हातारा होता. कुणाकडे जायचे ते त्याने विचारले, मी सांगितले, तसा त्याचा हात थांबला.

"सोलापूरच्या वयनीकडं? तिला न्यायला तर आला नाहीत?"

"न्यायलाच आलोय," अक्का म्हणाली.

"मग आमची पत्रं कोण लिहील?" तो म्हणाला. आणि पुन्हा वल्ही मारू लागला.

घर गाठले तेव्हा दुपार कलली होती. ओटीवर दहा-बारा बायका बसलेल्या, आणि मध्ये आमची इंदू, उन्हाने काळवंडलेली, मोठ्याने कुणाच्या तरी नवऱ्याचे मुंबईचे पत्र वाचत होती. तिचे लक्ष आमच्याकडे गेले. पत्र ज्या बाईचे होते तिच्या हातात नीट घडी करून दिले, आणि मग धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. सासूबाईंना अंधुक दिसते, त्या चाचपडत आल्या आणि अक्काचा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या डोळ्यांनी आमचा अर्धा गाव बघतो."

चार दिवस राहिलो. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, आमसुलाचे सार. अक्काने पहिल्या दिवशी नाक मुरडले आणि तिसऱ्या दिवशी कृती विचारून घेतली. जायच्या आदल्या संध्याकाळी तिघे किनाऱ्यावर गेलो. समुद्र माझ्या डोळ्यांत मावेना. अक्का इंदूचा दंड घट्ट धरून घोटाभर पाण्यात उभी राहिली. लाट मागे सरताना पायाखालची वाळू निघाली, तशी ती लहान मुलीसारखी हसली. तिला अशी हसताना भाऊजी गेल्यानंतर मी पाहिलेच नव्हते.

मग तिने विषय काढला. "इंदू, उद्या तुझी ट्रंक भर."

"आई, मला इथं करमतं."

"मग पत्रात का लिहीत नाहीस? चार ओळींत मला काय कळणार?"

इंदूने माझ्याकडे पाहिले आणि ओशाळून हसली. "पत्र मामा वाचून दाखवणार ना. सासूबाई मला जवळ घेऊन निजतात, यांची आठवण आली की मी इथं येऊन बसते, हे काय मामांच्या तोंडून तुला ऐकवायचं?"

मी समुद्राकडे पाहू लागलो. सोय एवढीच की तो पुष्कळ होता.

परतीच्या तरीत आम्ही दोघेच होतो. तांडेलाने ते पाहिले आणि भाडे घेतले नाही.

आता माझा तो धडा दोन तास चालतो. बायकांच्या संख्येशी आलो की छडी खाली ठेवतो आणि एका ओटीची गोष्ट सांगतो. आणि अक्का घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी पाटी घेऊन माझ्यापुढे बसली. पन्नाशीत बाराखडी सोपी नाही; 'ळ'ने तिला फार रडवले. पाडव्यानंतर तिच्या नावाचे इंदूचे जाड पाकीट आले. अक्षर मुद्दाम मोठे, सुटे सुटे काढलेले. ते घेऊन ती माजघरात गेली, आणि बऱ्याच वेळाने आतून तिचे हसू ऐकू आले.

"काय लिहिलंय?" मी विचारले.

"आमचं आहे ते," अक्का म्हणाली, आणि पाकीट कमरेला खोचून चुलीकडे गेली.