साहेब माझ्या खांद्यावर

साहेबांच्या कॉम्प्युटरवर माझा फोटो उघडत होता आणि अख्खं ऑफिस माझ्यामागं उभं राहून हसत होतं. मीही हसत होतो. मला वाटलं, कौतुक चाललंय.

भामरागडच्या ऑफिसात तेव्हा इंटरनेट नवं. पावसाळ्यात त्याची चाल बैलगाडीची. फोटो वरून खाली, पट्टीपट्टीनं उतरायचा. साहेब तरुण, पुण्याकडचे. दोस्त जोडायच्या साइटवर त्यांनी ऑफिसचं पान काढलं होतं. "कर्मचाऱ्याला शाबासकी दिली की तो दुप्पट काम करतो," म्हणायचे. मी कनिष्ठ लिपिक, आरमोरीच्या ढिवराचा, मासे धरणाऱ्याचा पोरगा. मला 'भाऊ' म्हणणारा हा पहिलाच साहेब. त्या एका शब्दासाठी मी काहीही केलं असतं. केलंच.

पुरानं पलीकडचं गाव तुटलं होतं. तापाच्या गोळ्या पोचवायच्या होत्या. डोंगा मीच वल्हवला. काठाला चिखल, साहेबांचे बूट नवे. "भाऊ, जरा वाकतोस?" मी वाकलो. आमच्या हेडक्लार्कनं, बडे बाबूंनी फोटो काढला.

तोच आता उघडत होता. आधी आभाळ आलं. मग छत्री. मग साहेबांचं हसू. एवढ्यावरच मी हात जोडले. "धन्यवाद साहेब. आज सगळ्यांले चहा माझ्याकडून." चहावाल्याला हाकही मारली. मग माझं डोकं आलं, साहेबांच्या दोन मांड्यांच्या मधोमध. मग नुसत्या चड्डीवरचा मी. साहेबांनी पान खाली सरकवलं. फोटोखाली त्यांनीच लिहिलं होतं : 'आमची सरकारी होडी. रंग काळा, पण बुडत नाही.' त्याखाली त्यांच्या कुण्या दोस्ताचं : 'चारा काय घालता?'

"साहेब, हे काढून टाका."

"अरे भाऊ, गंमत आहे."

बडे बाबू म्हणाले, "काऊन, लाज वाटून राह्यली का? पाण्यातच तं जन्मला तू."

चहा आला. सगळे प्याले. पैसे मी दिले.

पुढच्या पुरात वरचे अधिकारी आले. आमच्या ऑफिसचा उत्साह म्हणे जिल्ह्यात गाजत होता. तोच काठ. साहेबांनी कॅमेरा बडे बाबूंकडे दिला. "चल भाऊ, वाक."

"नाई वाकत."

"काय?"

"गोळ्याची पेटी द्या. मी नेतो. तुमाले यायचं असन तं बूट काढा."

कुणी हसलं नाही. पेटी डोक्यावर घेऊन मी चिखलात उतरलो. पाठ ताठ होती. 

साहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात शेरा मारला, 'कामात उत्साहाचा अभाव'. बदली मात्र झाली नाही. भामरागडच्या पुढं पाठवणार कुठं?

तो फोटो त्यांनी पानावरून काढला नाही. राहू दे. मी गोळ्या नेईन, धान्य नेईन. पलीकडची एखादी आजारी बाई असली तर तिला पाठीवर घेऊन नदी ओलांडीन. पण धडधाकट पायांचा माणूस माझ्या पाठीवर चढणार नाही. मला भाऊ म्हणाला तरी नाही.